काय जपायचं आणि काय पिऊन टाकायचं



श्रूजबरीत राहतो असं सांगितलं की पुणेकराचा पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे ती बिस्किटांची का?" नाही हो. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीच्या त्या बिस्किटांचं नाव इंग्लंडातल्या श्रूजबरीवरून आलं. आमचं गाव मॅसॅच्युसेट्समधलं. वूस्टर आणि आमच्यामध्ये क्विन्सिगॅमंड नावाचं लांबट तळं, आणि गावाच्या पोटातून जाणारा रूट नाईन. हा रस्ता बॉस्टनहून निघतो आणि फ्रेमिंगहॅम, वेस्टबरो, श्रूजबरी, वूस्टर करत पश्चिमेला पार पिट्सफील्डपर्यंत जातो.

माझ्या आवडी चार : गाणं, सॉफ्टवेअर, गेम आणि बिअर. चारही आवडींचा काही ना काही इतिहास या रस्त्याच्या आजूबाजूला पडलेला आहे. त्यावर माझी काही मतं आहेत, ती आज मांडतो. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण सगळ्या गप्पांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो आपल्या वयाच्या सगळ्यांचाच आहे. तीस-तीस वर्षं इथे राहिलेली मंडळी आता मोठी घरं विकून लहान घरात जायला लागली आहेत. बेसमेंटमध्ये कॅसेटचे खोके, सीडी, जुने लॅपटॉप, मंडळाच्या अंकांच्या फायली. डंपस्टर दारात येऊन उभा असतो आणि ठरवायला शनिवार-रविवार असे दोनच दिवस. तेव्हा काय ठेवायचं?

साठवणीचं गाव

आमचं गाव बिस्किटांचं नसलं तरी डिस्कचं नक्की होतं. केन ऑल्सन यांनी १९५७ मध्ये मेनार्डच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे आपली 'डेक', सुरू केली. ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या खालोखाल तिचंच नाव घेतलं जायचं. श्रूजबरीत साऊथ स्ट्रीटवर डेकची भली मोठी इमारत होती आणि तिथलं काम मुख्यतः साठवणीचं : डिस्क आणि टेप.

पुढची वंशावळ ऐका. साठवणीचा हा धंदा १९९४ मध्ये क्वांटमने घेतला. क्वांटमचा डिस्कचा विभाग २००१ मध्ये मॅक्स्टरकडे गेला. मॅक्स्टरला २००६ मध्ये सीगेटने गिळलं. खुद्द डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकच्या पोटात गेली आणि कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीच्या. साऊथ स्ट्रीटची ती इमारत पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलकडे गेली. शेजारच्या वेस्टबरोची डेटा जनरल १९९९ मध्ये हॉपकिंटनच्या ईएमसीने घेतली आणि २०१६ मध्ये ईएमसीला डेलने घेतलं. या भागातली निम्मी मराठी मंडळी यांपैकी कुठल्या ना कुठल्या पाटीखाली काम करून गेली असतील. खुर्ची तीच, बॅज तेवढा नवा.

थोडक्यात, ज्यांचा धंदाच लोकांची माहिती सांभाळायचा होता, त्यांच्या स्वतःच्या पाट्या काही टिकल्या नाहीत. डेकने ऐंशीच्या दशकात काढलेली डीएलटी टेप घ्या. ती नीट ठेवली तर तीस वर्षं टिकेल असं सांगितलं जायचं, आणि टेप टिकलीही असेल. पण ती वाचणारं यंत्र आता कोणी बनवत नाही. वस्तू शाबूत राहणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं. पुढच्या सगळ्या बडबडीत हे एवढं वाक्य लक्षात ठेवा.

याच गावात उलटं उदाहरणही आहे. आमची वीज गावाच्या मालकीची आहे, १९०८ पासून. त्याच खात्याने १९८३ मध्ये केबल टीव्ही आणला आणि पुढे इंटरनेटही. सेल्को म्हणतात त्याला. बाहेर कंपन्यांनी एकमेकींना गिळण्याचा एवढा धुमाकूळ घातला, पण सेल्कोचा मालक बदलला नाही, कारण मालक गावच आहे. इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं असावं, गावाने पुरवावं आणि बिल आलं की भरून टाकावं, असं माझं मत होण्यात या खात्याचा मोठा वाटा आहे.

गाणं

गाणं ऐकण्याच्या यंत्रांच्या बाबतीत आपण राहतो तो भाग म्हणजे पंढरीच. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये केंब्रिजमध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान स्पीकरमधून दणदणीत खर्ज काढून दाखवला. एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी १९६४ मध्ये बोस कंपनी सुरू केली, ती आज फ्रेमिंगहॅममध्ये टेकडीवर आहे. वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांपासून पळून अमेरिकेत आलेले. आणि जून १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू करणारा शॉन फॅनिंग हा बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातला पोरगा. म्हणजे घरात बसून गाणं ऐकायची सोय आणि गाणं फुकट उचलायची सोय, दोन्ही इथलीच.

आता एमपीथ्रीविषयी. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट खर्च होतात. आपण नॅपस्टरच्या काळात १२८ किलोबिटच्या फायली गोळा करायचो, म्हणजे अकरापैकी दहा भाग टाकून दिलेले. कुठले भाग टाकायचे? जे कानाला ऐकू येत नाहीत ते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपला मेंदू ऐकतच नाही, तो गाळायचा, ही मूळ कल्पना. ती बसवताना कार्लहाइन्झ ब्रॅंडेनबुर्ग या जर्मन संशोधकाने सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे साथीशिवाय गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकून पारखलं होतं. एकटा आवाज, मागे शांतता.

आपल्या गाण्यात मागे शांतता कुठे असते? मागे तंबोरा असतो. तंबोरा म्हणजे चार तारांतून एकसारखं उठणारं स्वरांचं धुकं. घोडी सपाट नसते, तिला बाक असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्याने जवारी लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू आहे ते उपस्वर उठू नयेत असा पाश्चात्त्यांचा नियम. पण तंबोऱ्याच्या बाकदार घोडीमुळे तेही उठतात, असं रामन यांनी दाखवून दिलं. ऐकू न येणारे भाग गाळणाऱ्या यंत्राला असं वाद्य मिळालं की त्याची पंचाईत होते. म्हणून कमी दर्जाच्या फायलीत गायकाचा आवाज बरा लागतो, पण मागचा तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा होतो. हे काही माझ्या कानांचं कौतुक नाही. एकच रेकॉर्डिंग दोन्ही प्रकारे लावून बघा, तुम्हालाही कळेल.

ॲपवरच्या तंबोऱ्याला नाकं मुरडणारे बरेच आहेत. माझं मत वेगळं आहे. जानेवारीत हीटिंग चालू असताना इथल्या घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आणि भोपळा दोन्ही कुरकुरतात, खुंट्या सरकतात. रोजच्या रियाजाला फोनवरचा तंबोरा उत्तम. पण मुलांना एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याला पाठ टेकून बसवा. मिरजेला दीडशेहून अधिक वर्षं ही वाद्यं बनताहेत, भोपळे पंढरपूरकडचे येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाठीला जे जाणवतं ते फोनमधून मिळत नाही.

पण मूळ मुद्दा कॅसेटचा. खोक्यातल्या एचएमव्हीच्या किंवा अलूरकरांच्या कॅसेटची फार काळजी करू नका. त्यांतलं बरंचसं दुसरीकडे कुठेतरी आहे. काळजी करायची ती पेनने नाव लिहिलेल्या कॅसेटची. कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेली बैठक. आजीने म्हटलेल्या ओव्या. "इकडे सगळे ठीक आहेत" असं सांगणारी, टपालाने आलेली आवाजी पत्रं. ती जगात एकच प्रत आहे आणि ती तुमच्या बेसमेंटमध्ये आहे.

रेकॉर्ड न झालेलं गाणं कसं नाहीसं होतं याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे भास्करबुवा बखले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांचे गुरू. १९२२ मध्ये गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण मिळत नाही. शिष्यांच्या गाण्यावरून आणि लोकांच्या आठवणींवरून अंदाज बांधायचा, बस्स. आणि जपलं तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्हींतले जाणकार नंतर त्यांना येऊन मिळाले, शंभराहून अधिक तासांचं रेकॉर्डिंग झालं. २०१७ पासून 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या ओव्या लोकांसमोर आणतो आहे. त्या बायकांनी दळण थांबवलं तेव्हा ओव्याही थांबल्या असत्या. कोणीतरी टेप चालू केला म्हणून त्या राहिल्या.

सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरवर मतं द्यायला लागलो तर पहाट होईल. विंडोज की मॅक, व्हीआय की ईमॅक्स, हे वाद आता सोडून द्या. माझ्या मते आपल्या हयातीतलं मराठी माणसाच्या सर्वात उपयोगाचं सॉफ्टवेअर कुठलं असेल तर ते युनिकोड.

आठवा जरा. नव्वदच्या दशकात प्रत्येक फॉन्टवाल्याची स्वतःची बाराखडी होती. दिसायला पडद्यावर 'क', पण आत साठवलेला असायचा कुठलातरी रोमन अक्षराचा आकडा. फॉन्ट असेल तर कविता, नसेल तर तिच्या जागी उलटसुलट रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. भारत सरकारचं इस्की नावाचं प्रमाण होतं, पुण्याच्या सीडॅकने त्यावर बरंच काम केलं होतं, पण छपाईचा बाजार आपापल्या फॉन्टवर चालला. परिणाम असा की इथल्या अनेक मंडळांचे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक कागदावर छान वाचता येतात आणि त्यांच्या मूळ फायली मात्र वाचता येत नाहीत. म्हणजे डीएलटीचीच गोष्ट, फक्त इथे यंत्राऐवजी फॉन्ट हरवलेला.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण घराघरात ती पोचली विंडोज २००० बरोबर. त्यातला 'मंगल' फॉन्ट काढला होता र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार, आपला मराठी माणूस. अर्थात सगळं पहिल्या दिवशी जमलं असं नाही. मराठीचे नखरे हिंदीपेक्षा वेगळे. आपला 'ल' वेगळा, 'श' वेगळा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यास' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यास' मजुरी. हा आडवा, पापणीसारखा 'र' कॉम्प्युटरला समजावून सांगावा लागला. 'ॲप' मधला 'ॲ' तर २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी 'अ' वर चंद्र बसवायला काय काय कसरती कराव्या लागायच्या ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत.

युनिकोडचा सर्वात मोठा गुण कंटाळवाणा आहे, म्हणून कोणी त्याचं कौतुक करत नाही. एकदा दिलेलं अक्षर परत काढून घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. आज लिहिलेला 'ळ' पन्नास वर्षांनीही 'ळ' च राहील. सॉफ्टवेअरच्या जगात एवढं वचन दुसरं कोणी देत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे : चकचकीत प्रोग्रॅम कुठलाही वापरा, पण आत साठवलेली गोष्ट साध्या, उघड्या, कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये, आवाज फ्लॅकमध्ये. फ्लॅक २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात एमपीथ्रीसारखं काही गाळलं जात नाही.

गेम

"या वयात गेम?" असं विचारणाऱ्यांसाठी : जगातल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटर गेमपैकी सर्वात गाजलेला 'स्पेसवॉर' हा १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी लिहिला, आणि तोही डेकच्या पीडीपी-१ यंत्रावर. म्हणजे या खेळाचं आणि आमच्या श्रूजबरीच्या इमारतीचं मूळ घराणं एकच. त्या गेमवर कोणी हक्क सांगितला नाही, प्रोग्रॅम हातोहात फिरला, ज्याला वाटलं त्याने त्यात भर घातली. आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये दुरुस्त केलेल्या पीडीपी-१ वर तो चालतो.

दुसरं इथलंच उदाहरण 'झॉर्क' चं. चित्र नाही, नुसता मजकूर : "तुम्ही एका पांढऱ्या घरासमोर उभे आहात" या धर्तीचा. १९७७ मध्ये एमआयटीत सुरू झाला, १९७९ मध्ये त्याच मंडळींनी इन्फोकॉम ही कंपनी काढली. त्यांनी हुशारी अशी केली की गेम कुठल्याही एका यंत्रासाठी न लिहिता एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिला. नवा कॉम्प्युटर आला की त्यावर फक्त ते काल्पनिक यंत्र बसवायचं. इन्फोकॉम कधीच बुडाली, पण गेम आजही फोनवर चालतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने पहिल्या तीन झॉर्कचा मूळ प्रोग्रॅमच सगळ्यांसाठी खुला केला.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. हार्मोनिक्स ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या दोघांनी १९९५ मध्ये काढलेली कंपनी. 'गिटार हीरो' (२००५) आणि 'रॉक बँड' (२००७) त्यांचे. आपल्या मुलांच्या पिढीने प्लॅस्टिकच्या गिटारी बडवून घर डोक्यावर घेतलं ते यांच्यामुळे. गाणं आणि गेम यांचं इतकं छान लग्न मी दुसरं पाहिलं नाही. ज्याला सूर-ताल शिकायचा कंटाळा, त्याला त्यातून निदान ठेका तरी कळला. पण अशा गेममधलं प्रत्येक गाणं परवान्यावर असतं, आणि परवान्याला मुदत असते. २०२१ मध्ये एपिक गेम्सने हार्मोनिक्स घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये रॉक बँडला नवी गाणी यायची थांबली.

त्याहून वाईट म्हणजे जे गेम दूरच्या सर्व्हरवाचून चालतच नाहीत ते. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला. पैसे मोजून घेतलेली डबी घरात, पण गेम नाही. त्यावरून युरोपात मोठी चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की ग्राहकाला नुसता परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, उगाच 'विकत घ्या' म्हणू नका. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. त्यामानाने पुस्तकांचं आपलं बरं चाललंय.

आपल्याकडचे दोन गेम सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०). भावाला सोडवायला निघालेली मुलगी, पहाडी शैलीतली चित्रं, आपल्या देवादिकांच्या गोष्टी. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो पुरा केला. मुलांना नक्की द्या. आणि दुसरा, हसू नका, 'लूडो किंग' . मुंबईच्या गेमेशन कंपनीचा, २०१६ चा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये न्यू इंग्लंडमधले नातू आणि नाशिकचे आजोबा एका पटावर आले ते याच्यामुळे. ग्राफिक्सला मी पास होण्यापुरते गुण देईन. पण आजोबांनी सोंगटी मारली की नातू जो ओरडतो, त्याला पैकीच्या पैकी.

बिअर

आता शेवटचा विषय. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी पुढच्या भागावर जावं.

इथे येऊन उतरणाऱ्या पाहुण्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, श्रूजबरी स्ट्रीट श्रूजबरीत नाही, वूस्टरमध्ये आहे. दुसरी, वर्मटाऊन ब्रुअरी त्या रस्त्यावर आहे. ही २०१० मध्ये सुरू झाली आणि नाव पडलं ते गाण्यावरून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वूस्टरमधल्या पंक रॉकवाल्यांनी आपल्या शहराला 'वर्मटाऊन' म्हणायला सुरुवात केली होती. त्यांची 'बी हॉपी' ही आयपीए मला आवडते. उत्तरेला वेस्टमिन्स्टरमध्ये वॉचूसेट ब्रुअरी, वूस्टरच्याच डब्ल्यूपीआय या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेल्या तिघांनी १९९४ मध्ये काढलेली. इंजिनिअर होऊनही शहाणपणाने वागणारी माणसं असतात ती अशी. फ्रेमिंगहॅमला तीन भावांची जॅक्स ॲबी (२०११), जी फक्त लागर बनवते. माझं खरं प्रेम हिच्यावर. लागरमध्ये लपायला जागा नसते. जरा चुकलं की लगेच कळतं, जसं मंद्र षड्जात कळतं.

आणि चार्ल्टनची ट्री हाऊस. २०११ मध्ये ब्रिमफील्डला छोटी सुरुवात, मग मन्सन, २०१७ पासून चार्ल्टन. त्यांची 'ज्युलियस' म्हणजे न्यू इंग्लंड पद्धतीची गढूळ आयपीए : दिसायला संत्र्याचा रस, वासाला आंबा. ही पद्धत व्हरमाँटच्या 'हेडी टॉपर' पासून रुजली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने तिला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. माझं मत : पहिला ग्लास अप्रतिम, दुसरा ठीक, तिसऱ्याला जेवण जात नाही. शिवाय परतीला गाडी चालवायची असते, तेव्हा एकावर थांबा किंवा डबे घरी आणा.

आयपीएमधल्या 'इंडिया' वरून जी कथा सांगतात, की हिंदुस्थानच्या चार-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून हॉप्स वाढवून ही बिअर मुद्दाम शोधली, ती पुरती खरी नाही. काळी पोर्टरही जहाजांवरून तेवढीच यायची आणि टिकायचीही. लंडनच्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा, हेही कारण होतंच. आपला या कथेशी संबंध दुसरीकडून येतो. परतीच्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत कुजणारे गोरे शिपाई वेडेपिसे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द आला. २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी निघाली तिचं नाव तेच, डूलाली. आपल्या नाशिकजवळच्या गावाचं नाव साहेबाने बिघडवलं आणि पुणेकरांनी ते बिअरवर लावून पैसे वसूल केले. मला हे फार आवडतं.

गंमत बघा. जुनी आयपीए टिकण्यासाठी नावाजलेली, आणि आजची न्यू इंग्लंड आयपीए फ्रीजमध्ये ठेवली तरी दोन-तीन महिन्यांत उतरते. हॉप्सचा सुगंध हवेने मरतो. म्हणून डब्याच्या बुडावर तारीख छापतात. खास पाहुण्यांसाठी म्हणून डबे वर्षभर राखून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. शेवटी पाहुण्याला मिळतो ओला पुठ्ठा. ही बिअर साठवायची नसतेच. मित्रांना बोलवा आणि संपवा.

मग करायचं काय?

तर मंडळी, चार आवडी, आणि माझ्यापुरता निष्कर्ष असा. जे पुन्हा ताजं मिळतं ते साठवू नये. जे दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं ते आपलं समजू नये. आणि जे जगात एकाच ठिकाणी आहे, ते आधी वाचवावं.

पेनने लिहिलेल्या कॅसेट खोक्यातून वेगळ्या काढा. चांगल्या अवस्थेतलं एक जुनं डेक मिळवा, रबरी पट्टा बदलून घ्या. आवाज दबलेला वाटला तर हेडचा कोन तपासा. तो छोटा स्क्रू जरासा फिरवला की कित्येकदा झाकोळलेला आवाज लख्ख होतो. कॉम्प्युटरला जोडून ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा, फ्लॅकमध्ये ठेवा. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने साधारण ९५० मेगाबाइट होते, फ्लॅकमध्ये अंदाजे निम्मी. म्हणजे दोन टेराबाइटच्या डिस्कवर चार हजार कॅसेट. तेवढ्या कोणाकडेच नाहीत. अंकांच्या जुन्या फायली उघडत नसतील तर छापील प्रत स्कॅन करा. तीही नसेल तर त्या काळच्या संपादकांना फोन करा, त्यांच्या माळ्यावर असेल.

तीन प्रती ठेवा : एक घरात, एक वेगळ्या प्रकारच्या साधनावर, एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे. कंपनीच्या भरवशावर एकुलती एक प्रत ठेवू नका. कंपन्यांचं काय होतं ते साऊथ स्ट्रीटने दाखवलंय.

आणि सर्वात महत्त्वाचं, ज्यात कॉम्प्युटर लागत नाही. फाइलला नाव द्या, देवनागरीत, नीट : कोण गातंय, कुठे, कुठल्या साली, तबल्यावर कोण, मागे "वा!" म्हणणारा कोण. मुलांना आवाज ओळखता येणार नाहीत. तुम्हाला अजून येतात. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येत नाही, कारण ती माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि डोक्याची दुसरी प्रत निघत नाही.

कोणाला डेक जुळवायला मदत हवी असेल तर शनिवारी दुपारी मोकळा असतो. कॅसेट तुम्ही आणा, बिअर ताजी मी आणतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ असावा.